मुक्कामाची छोटी कुऱ्हाड: पात्याआधी दांडा बघ

प्रश्न लातूरला कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराचा आहे. तो आणि त्याचे तीन मित्र महिन्यातून एकदा दोन रात्रींच्या मुक्कामाला बाहेर पडतात. कधी येलदरी धरणाच्या पाण्याकडेला, कधी धारूरच्या बाजूला, मागच्या थंडीत किनवटकडे. सोबत एक छोटी कुऱ्हाड असावी असं त्यांचं ठरलंय. मोबाइलवर त्याला तीन आवडल्या: एक स्वीडनची महागडी, एक दांड्यासकट अख्खी पोलादी, एक प्लास्टिकसारख्या काळ्या दांड्याची. घरी आजोबा म्हणतात, “येडा झालास का, पाचशे रुपयांत लोहाराकडून करून आणतो.” त्याचं विचारणं एवढंच: “काका, कोणती घेऊ?”

आजोबांचं ऐक. पण अर्धंच.

पातं लोहाराकडूनच घे. दांडा मात्र तो कोपऱ्यातल्या ढिगातून उचलून ठोकून देईल, तो घेऊ नकोस. कुऱ्हाड घ्यायला गेलेला माणूस पातं निरखतो, लोखंड कुठलं ते विचारतो, धारेवरून अंगठा फिरवतो आणि पैसे देतो. दांड्याकडे कुणी बघत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ज्या कुऱ्हाडी वाया गेल्या त्यातल्या बहुतेक दांड्यापायी गेल्या. माणसं जखमी झाली तीही दांड्यापायीच. एक तर तो सैल होता, नाही तर आखूड.

आमच्या घरी सुतारकी होती. वडील बैलगाड्या आणि औतं करायचे, त्यामुळे लाकूड कसं बघायचं ते आपोआप कळत गेलं. पुढं मी शाळेच्या पोरांना घेऊन बालाघाटात आणि अजिंठ्याच्या डोंगरात मुक्काम करायला लागलो, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात कुऱ्हाडीच्या बाबतीत करायच्या बहुतेक चुका करून झाल्यात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तू सांग, तोडणार काय आहेस?

व्हिडिओतली ती मंडळी बर्फात बसून पाइनचा ओंडका फोडतात. मऊ लाकूड, सरळ रेषा. एका घावात संत्र्यासारखं उकलतं. त्या लाकडासाठी पातळ पात्याची, कागदासारख्या धारेची कुऱ्हाड लागते, आणि तशीच ते बनवतात. तुझ्या वाट्याला काय येणार? बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर, बोर, क्वचित लिंब. वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर पातळ धार आपटली की धारेला दात पडतात. दोष कुऱ्हाडीचा नसतो, ती दुसऱ्या मुलुखातल्या लाकडासाठी घडवलेली असते.

दुसरं असं की आपल्या मराठवाड्यात जंगल आधीच तोळामासा. उभं झाड तोडायचा विचारसुद्धा करायचा नाही, त्याबद्दल पुढं सांगतो. मुक्कामाला तुला जे सरपण रीतसर मिळेल ते शेतकऱ्याला विचारून घेतलेलं: कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, बांधावर छाटून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या, नाल्याकाठची वाळकी वेडी बाभूळ. म्हणजे बोटापासून मनगटापर्यंतची जाडी. खरं सांगू का, या कामाला कुऱ्हाड लागतच नाही, कोयता पुरतो. काटेरी फांदी झाडून काढायला, पऱ्हाट्यांची मोळी अर्ध्यात तोडायला, तंबूची जागा साफ करायला कोयत्यासारखं हत्यार नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्यारावर यावी, एवढं ते हत्यार आपल्याकडं घरोघरी आहे. तुझ्या आजोळी एखादा पडलेला असेल, तो मागून आण. पण उसाचा कोयता पातळ असतो. पोटरीएवढ्या वाळक्या बाभळीवर मारलास तर धार वळते.

मग कुऱ्हाड कुठं लागते? मनगटापेक्षा जाड लाकूड उभं चिरायला. पावसाळ्यात किंवा थंडीतल्या दवात वरून ओलं झालेलं लाकूड फोडून आतलं कोरडं काढायला. आणि तंबूच्या लाकडी खुंट्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, ठोकायला. खुंट्या लाकडीच असू दे बरं का. लोखंडी खुंटी किंवा पहार तुंब्यानं ठोकत राहिलास तर नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, पसरतं आणि दांडा कायमचा हलता होतो. एवढीच कामं. यासाठी फार मोठी कुऱ्हाड नको, पण खेळण्यातली पण नको.

आता लांबी. माझ्या डाव्या नडगीवर आठ टाक्यांचा व्रण आहे, तो बारा इंची दांड्याच्या एका देखण्या कुऱ्हाडीचा. येलदरीच्या काठी संध्याकाळी उभ्यानं, किंचित वाकून बाभळीचा तुकडा फोडत होतो. घाव गाठीवरून घसरला. पातं थांबलं ते थेट नडगीच्या हाडावर. सोबतच्या पोरांनी घडी केलेला पंचा जखमेवर दाबून धरला. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघत बसले नाहीत, दवाखाना येईपर्यंत दाबूनच ठेवला, म्हणून फार रक्त गेलं नाही. डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, “मोठ्या कुऱ्हाडीनं लागलं का?” मी म्हणालो, “नाही, छोटीनं.” ते म्हणाले, “छोटीच जास्त येतात.”

त्यामागचं कारण तेव्हापासून मी प्रत्येक पोराला जमिनीवर काठीनं रेघ काढून दाखवतो. घाव घालताना पातं गोल फिरतं. दांडा लांब असेल तर हुकलेला घाव तुझ्या पायापुढं जमिनीत जातो. दांडा आखूड असेल तर तोच गोल जमिनीपर्यंत पोचत नाही, आत वळतो, आणि वाटेत तुझा गुडघा किंवा नडगी येते. म्हणून कुऱ्हाड छोटी म्हणजे धोकाही छोटा, असं समजू नकोस. इथं हिशेब उलटा आहे. आखूड कुऱ्हाड वापरायची तर गुडघे टेकूनच वापरायची. मग हुकलेल्या घावाला आधी जमीन लागते.

फार लांब दांडा पिशवीत मावत नाही. मधलं माप आपल्या जुन्या माणसांनी ठरवूनच ठेवलंय: एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. इंचांत मोजलं तर साधारण सतरा-अठरा भरतं. एवढा दांडा एका हातानं मागं पकडता येतो, पातं जवळ धरून बारीक काम करता येतं, आणि जाड तुकड्यावर दोन्ही हात लावता येतात. पातं सहाशे ते सातशे ग्रॅमचं घे. पाचशेच्या खाली गेलास तर बाभळीवरून कुऱ्हाड उडी मारून परत येते. नऊशेच्या वर गेलास तर एका हातानं आवरत नाही आणि दिवसभर पाठीवर जाणवते. दांड्यासकट वजन किलोच्या आसपास राहिलं की झालं.

गंमत अशी की तुझ्या त्या महागड्या स्वीडिश कुऱ्हाडीचं मापही जवळपास हेच. ग्रान्सफोर्स हा स्वीडनमधला 1902 पासूनचा कारखाना. त्यांची जंगलात न्यायची छोटी कुऱ्हाड सुमारे एकोणीस इंची दांड्याची आणि सातशे ग्रॅमच्या आसपासच्या पात्याची असते. दांडा हिकरी नावाच्या अमेरिकी लाकडाचा. वस्तू सुंदर आहे, यात वाद नाही. एकदा हातात घेतली होती, खाली ठेववेना. पण तिची धार पातळ, म्हणजे बाभळीसाठी आधी ती जाड करून घ्यावी लागणार. एवढे पैसे मोजायचे आणि आल्या आल्या कानस मारायची, हे मला तरी होणार नाही. दुसरी, अख्खी पोलादी, ती एस्टविंगची असणार, अमेरिकेतल्या रॉकफर्डची. हा कारखाना 1923 चा. दांडा आणि पातं एकाच तुकड्यातून घडवलेलं, त्यामुळे सैल व्हायचा प्रश्नच नाही, एवढी तिची बाजू भक्कम. पण कठीण लाकडावर प्रत्येक घावाचा झटका मनगटात येतो, आणि चौदा इंची घेतलीस तर माझ्या नडगीची गोष्ट परत वाच. तिसरी फिनलंडच्या फिस्कर्सची दिसतेय. कारखाना 1649 चा, शिवाजी महाराजांच्या काळातला म्हण की! दांडा प्लास्टिक दिसत असला तरी मजबूत असतो, हलकी आहे, धारही चांगली. पण छोटी चौदा इंचीच, आणि दांडा पात्याभोवती ओतून बसवलेला असल्यानं मोडला तर सुतार काहीच करू शकत नाही. तिघींतली एखादी कुणी भेट दिली तर नाही म्हणू नकोस. स्वतःच्या पैशानं घ्यायची तर लोहार.

लोहाराकडे जायचं म्हणजे काय मागायचं ते ठाऊक पाहिजे. रस्त्याकडेला पालं टाकून बसलेले घिसाडी दिसले तर थांब. नवरा सांडशीत तापलेला तुकडा धरून फिरवतोय आणि बायको घण मारतेय, असं ते काम बघतच राहावं असं असतं. माझी आत्ताची कुऱ्हाड मी मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणली. माळेगाव येतं लोहा तालुक्यात. कुऱ्हाड घ्यायला यापेक्षा शुभ पत्ता कुठला! त्यांना सांगायचं, ट्रकच्या पाट्याची करा. पाटा म्हणजे गाडीखालच्या कमानीची पट्टी. ते पोलाद लवचिकही असतं आणि कडकही होतं. बांधकामाच्या गजाची किंवा साध्या पट्टीची कुऱ्हाड दिसायला सारखीच दिसते, पण तिला धार धरत नाही, दोन दिवसांत बोथट. विचारलंस तर प्रामाणिक लोहार स्वतःच सांगतो. तरी पटलं नाही तर अर्धवट घडलेला तुकडा दाखवायला सांग, त्यावर पाट्याची मूळ गोलाई कुठं ना कुठं शिल्लक असते.

खरी कला पाणी देण्यात. धार लाल करून विझवली की ती काचेसारखी कडक होते, पण काचेसारखीच फुटते. मग ती थोडी उतरवावी लागते. जाणता लोहार धारेकडचं बोटभरच विझवतो आणि मागच्या भागातली उष्णता पुढं सरकू देतो. घासून चकचकीत केलेल्या जागेवर रंग धावत येतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सुरीला पिवळ्यावर थांबतात. कुऱ्हाडीला मार खायचा असतो, म्हणून जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं आणि मग थंड करायचं. तुंबा नरमच राहू द्यायचा. आणि ‘पाणी देणं’ म्हणत असले तरी पाट्याच्या पोलादाला तेलात विझवणं बरं. पाण्यात एकदम थंड झालं तर केसासारखी चीर पडू शकते, आणि ती पहिल्या थंडीत नाही, तुझ्या दहाव्या मुक्कामाला मोठी होऊन दिसते.

तयार पातं घेत असशील तर तीन गोष्टी तिथंच बघ. नेढ्यात सुतळी ओवून पातं लोंबतं धर आणि किल्लीनं हलकं मार. ‘टण्ण’ असा लांबणारा आवाज आला तर ठीक. ‘थप’ असा बसका आला तर आत कुठं तरी चीर किंवा कच्चा सांधा आहे. नवी बारीक कानस धारेवर एकदा फिरव. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर धार मऊ, काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर फार कडक. जोर लावल्यावर थोडीशी धरली तर बरोबर. आणि नेढ्याचा आकार. काही कुऱ्हाडींचं नेढं अगदी गोल असतं, त्यात दांडा फिरतो आणि घाव तिरका बसतो. लांबट नेढं घे, आणि तेही मधे किंचित अरुंद, दोन्ही तोंडांना रुंद असं मिळालं तर डोळे झाकून घे. पाचर मारल्यावर दांडा वरच्या तोंडाला पसरतो आणि पातं मग वर निसटत नाही.

आता दांडा. यावर मी जास्त बोलणार आहे, तयारी ठेव.

लोक हौसेनं सागवानी दांडा करून घेतात. साग दारं-खिडक्यांना राजा आहे, दांड्याला नाही. तो पाऊस सोसतो, वाळवी सोसतो, पण झटका सोसत नाही. एखाद्या आडव्या घावात कच्चकन मोडतो. दांड्याला धावडा, तिवस किंवा धामण. वडील औताच्या कामाला तिवस शोधत फिरायचे, आणि गाडीच्या कण्याचा विषय निघाला की धावड्याचं नाव निघायचं. ही लाकडं वाकतात, थरथर गिळतात आणि मोडण्याआधी कुरकुर करून सांगतात. जंगलात जाऊन तोडायची नाहीत. आठवडी बाजारात दांडे विकणारे असतात, जुन्या सुताराकडे जुन्या औताचे तुकडे पडलेले असतात. यातलं काही मिळालंच नाही तर बाभळीच्या गाभ्याचा दांडा. जड होतो, हाताला झिणझिण्या आणतो, पण मोडत नाही. किनवटच्या बाजूला गेलास तर बांबूचा दांडा करून देणारे भेटतील. बांबू काठीला चांगला, कुऱ्हाडीला नको.

लाकडाची जात पटली की रेषा बघ. दांडा डोळ्यापुढं धरून बाजूनं बघितलं की रेषा नेढ्यापासून मुठीपर्यंत सलग गेलेल्या दिसल्या पाहिजेत. मधेच एखादी रेषा कडेला बाहेर पडली असेल तर दांडा तिथंच मोडणार, आज ना उद्या. गाठ असलेला दांडा फुकट दिला तरी नको. मुठीच्या टोकाकडून बघितल्यावर रेषा धारेच्या दिशेनं उभ्या असाव्यात, आडव्या नकोत. तकाकी असलेलं वॉर्निश असेल तर ते फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडून काढ. वॉर्निशवर घामेजलेला तळहात चिकटतो आणि अर्ध्या तासात फोड येतात. माझे वडील काचेनं दांडा असा गुळगुळीत करायचे की सॅंडपेपर लाजेल. मुठीचं टोक थोडं फुगीर ठेव, म्हणजे हात घसरला तरी तिथं अडतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: दांडा कधी बसवायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, आणि पावसाळ्यात तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. श्रावणात बसवलेला घट्ट दांडा चैत्रात खुळखुळा होतो. म्हणून लाकूड दोन-तीन महिने माळ्यावर पत्र्याखाली वाळवायचं आणि बसवायचं ते मे महिन्यात, जेव्हा ते जास्तीत जास्त आक्रसलेलं असतं. पुढं पावसाळ्यात ते फुगून आणखी घट्टच होणार. वडील हे काम अक्षय्य तृतीयेनंतर करायचे. मी मुहूर्त म्हणून नाही, थर्मामीटर म्हणून तो दिवस धरतो.

पाचरीसाठी चीर नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश एवढीच. पाचर वाळक्या बाभळीची. वरून छोटी लोखंडी पाचर तिरकी ठोकली तर चालते, पण नुसत्या खिळ्यांवर भागवू नकोस. चार-पाच खिळे ठोकलेली कुऱ्हाड दिसली की समजावं, पातं एकदा तरी उडालेलं आहे. आणि ती पाण्यात बुडवून ठेवायची सवय! सैल झाली की रात्रभर बादलीत, सकाळी घट्ट. आमच्याकडे घरोघरी हेच करतात. पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या नेढ्यात चेपलं जातं, त्याचे तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा सैल होतं. दिवसभराच्या अडीला ठीक; पोरांच्या हातात देताना कधीही नाही. माझ्या एका सहलीत असंच भिजवून आणलेल्या कुऱ्हाडीचं पातं दुपारनंतर उडालं आणि दहा-बारा फुटांवर जाऊन पडलं. तिथं कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

पाण्याऐवजी तेल. जवसाचं, कच्च्या घाण्याचं. लातूरकडे तुला जवस शोधावा लागणार नाही. कोमट करून दांड्याला चोळ, अर्ध्या तासानं पुसून टाक, आठवडाभर रोज, मग महिन्यातून एकदा. नेढ्यात डोकावणाऱ्या टोकाला जास्त पाज, ओल तिथूनच आत-बाहेर करते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव: जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ते वाळताना आतून तापतं आणि आपसूक पेट घेऊ शकतं. उन्हाळ्यात तर नक्कीच नको. उघडून तारेवर वाळत घाल, नाही तर पाण्यात बुडवून टाक.

धारेचं थोडक्यात. बाभळीसाठी दोन्ही बाजू मिळून तीस अंशांचा कोन, किंचित जास्त चालेल. मोजायचं कसं? वहीच्या कागदाचा कोपरा सारख्या तीन घड्यांत दुमड. नव्वदाचे तीन भाग, म्हणजे तीस. ती घडी धारेला लावून बघ. पात्याचा गाल, म्हणजे धारेमागची बाजू, अगदी सपाट नको, हलका फुगीर असू दे. मग पातं लाकडात अडकत नाही. कानस धारेकडून आत चालव, हातात जाड मोजा घालून, आणि नंतर सहाणेवर नाही तर ओल्या दगडावर गोल-गोल. वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर कधी देऊ नकोस. दोन मिनिटांत धार चमकते, आणि धारेलगत निळसर पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजे लोहारानं दिलेलं पाणी गेलं. मग पुन्हा भट्टीत. घरच्या कानशीनं वर्षानुवर्षं भागतं. धार फारच मागं सरली की तेवढ्यापुरती लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून, आणायची.

म्यानासाठी चामड्याच्या मागं लागू नकोस. ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी शेतात तुकडे होऊन पडलेली असते. धारेच्या लांबीचा तुकडा घे, उभा चिर, धारेवर चढव आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांध. ओलं राहत नाही, गंजत नाही, हरवलं तर दुःख नाही.

आता कायद्याचं. गौताळा, नायगावचं मयूर अभयारण्य, येडशी-रामलिंग घाट, पैनगंगा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत साधी सुरीदेखील येते. किनवटकडे परत जाणार असशील तर पैनगंगेची हद्द कुठं लागते ते वन खात्याच्या चौकीवर विचारून घे आणि कुऱ्हाड घरी ठेव. राखीव जंगलातही झाड तोडणं आणि आग लावणं गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जंगलाला आगी लागण्याचा हंगाम. तेव्हा गवताळ माळावर चूल पेटवूच नकोस, गॅसचा छोटा स्टोव्ह ने. शिवाय सण, मोर्चा, निवडणूक असली की जिल्ह्यात पोलिस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. शेतीचं अवजार म्हणून कुऱ्हाड एरवी कुणी अडवत नाही, पण अशा दिवसांत चार पोरं मोटारसायकलवर कुऱ्हाड लटकवून निघाली तर पोलिस विचारणारच. म्यान घालून, पिशवीच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून, एसटीतही तशीच.

सरपणातही पारख ठेव. रस्त्याच्या दुभाजकातली कन्हेर तोडून आणू नकोस. ती सगळी विषारी, तिच्या काठीवर कणीस भाजणं म्हणजे आफत. बिब्ब्याचं झाड ओळखायला शिक, त्याच्या चिकानं अंगावर फोड उठतात आणि धूरही बरा नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर रात्र दवाखान्यात.

फोडताना खाली ओंडका किंवा सपाट दगडावर जाड फळी असू दे, उघड्या दगडावर कधीच नाही. ओंडक्याच्या पलीकडच्या कडेला तुकडा ठेवायचा, म्हणजे हुकलं तरी पातं ओंडक्यात रुततं. मनगटाएवढा तुकडा चिरायचा असेल तर घाव घालूच नकोस. पात्याची धार तुकड्याच्या टोकावर टेकव, दोन्ही एकत्र उचल आणि एकत्र ओंडक्यावर आपट. तुकडा धरणाऱ्या हाताजवळ पातं फिरत नाही, आणि नवख्यालाही पाच मिनिटांत जमतं. माझ्याकडची सातवीतली पोरं हेच करतात. अंधार पडला की कुऱ्हाड म्यानात. लागणारं सरपण उजेडातच फोडून ठेवायचं. एक जण फोडत असेल तेव्हा बाकीच्यांनी चांगलं लांब राहायचं. आणि ज्यानं फोडलं त्यानंच म्यान चढवायचं. ‘ठेव तिथं, मी बघतो’ म्हटलं की कुऱ्हाड रात्री कुणाच्या तरी पायाखाली येते.

तर आजोबांना सांग, पातं तुम्ही घडवून आणा, सातशे ग्रॅमचं, पाट्याचं, लांबट नेढ्याचं. तोवर तू धावड्याचा किंवा तिवसाचा तुकडा मिळव आणि माळ्यावर टाक. आत्ता दिवाळी होऊन गेलीय, म्हणजे लाकडाला वाळायला भरपूर वेळ आहे. मधल्या मुक्कामांना आजोळचा कोयता ने. मे महिन्यात सुतारकाम जमणारं कुणी भेटलं नाही तर दांडा आणि पातं घेऊन माझ्याकडे ये, काचेचे तुकडे मी ठेवलेत.